आंदणाची वाळू

लग्नात माझ्या बापाने मला आंदण म्हणून वाळू दिली. हसू नका. तेव्हाही सगळे हसले होते आणि त्यांचे ते दात मी अजून विसरलेले नाही. कुणाचा बाप गाय देतो, कुणाचा तांब्याचा हंडा देतो. माझ्या बापाने गोणपाटाच्या पिशवीत शिवून दोन पायल्या काळी वाळू दिली आणि सासऱ्यांपुढे हात जोडून म्हणाला, "जपून ठेवा. वीस वर्षं पोसलेली आहे." मांडवात एकच हशा पिकला. सासूने पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "का? आमच्याकडं नदी नाय काय?"

माझ्या बापाची चुरमुऱ्यांची भट्टी होती. मुरबाडकडे, धसईच्या बाजाराला लागून. मातीची मोठी चूल, तिच्यावर लोखंडी कढई आणि कढईत वाळू. ती इतकी तापवायची की पाण्याचा थेंब टाकला तर चर्र आवाज व्हावा आणि थेंब दिसू नये. मग तिच्यात तांदूळ टाकायचे, झाऱ्याने दोनदा हलवायचे आणि सगळं चाळणीत उपसायचं. वाळू गळून परत कढईत, चुरमुरे वर. निम्मा धंदा तापवण्याचा आणि निम्मा वेगळं करण्याचा. ते वेगळं करणं सातव्या वर्षापासून माझ्याकडे होतं. माझी अक्षरंसुद्धा वाळूतच झाली. भट्टी निवली की बाप गार वाळू पाटावर पसरायचा आणि माझं बोट धरून अ काढायचा.

लोकांना वाटतं, नदीची वाळू आणली आणि कढईत ओतली की झालं. तुमचं डोंबल! आधी जाड चाळणीने चाळून गोटे काढायचे. मग बारीक चाळणीने चाळून माती आणि भुकटी काढायची. मग पाणी निवळ निघेपर्यंत धुवायची, उन्हात वाळवायची. एवढं करूनही नवी वाळू दाण्याला चिकटते, दात करकरतात, गिऱ्हाईक शिव्या घालतं. म्हणून तिला पोसायची. तेलाचं फडकं फिरवत दिवसचे दिवस भाजायची. वर्षानुवर्षं भाजून ती गुळगुळीत होते, काळ्या तिळासारखी चमकते आणि मग दाण्याला सोडून देते. नवी वाळू करायची झाली तर तिच्यात जुनी काळी वाळू मिसळतात, दुधाला विरजण लावतात तशी. त्यामुळे भट्टीवाल्याच्या घरी जुन्या वाळूला मोल. मुलगी दिली की तिच्याबरोबर तिच्या भट्टीचं विरजण द्यायचं, ही आमची रीत. माझ्या बापाने जवळ होतं त्यातलं सगळ्यात चांगलं दिलं होतं.

सासर शहापूरकडे, भातसा नदीच्या काठी. आता तिथे धरणाचं पाणी आहे. बुडालं ते बरं झालं, असं मी येताजाता म्हणत असते.

घरात सासरे, सासू, लग्नाची एक नणंद आणि माझा नवरा. नवरा गरीब. हिवाळा संपला की तो जंगलात कोळशाच्या कामावर जायचा आणि पंधरा-पंधरा दिवसांनी यायचा. आला तरी बापासमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूला आत्या. मामा उंचेपुरे, साठीला आलेले, पण बत्तीस दात शाबूत. सुपारी दाढेखाली धरून कडकन फोडायचे आणि आजूबाजूला बघायचे, कुणी बघितलं का म्हणून.

सासूने पहिल्या वर्षीच माझी परीक्षा घेतली. माजघरात पाण्याची मडकी वाळूच्या ओट्यावर ठेवलेली असत. वाळू ओली राहिली की पाणी थंड राहतं. एक दिवस तिने मिठाचं मडकं उचललं आणि त्या वाळूवर उपडं केलं. हातातून निसटलं म्हणाली. निसटलेलं मडकं असं सावकाश उपडं होत नाही, मला काय कळत नव्हतं? "आता ह्या वाळूसकट घाल कालवनात," म्हणाली आणि बसली बघत.

मी मीठ आणि वाळू दोन्ही भरून हंड्यात घातलं, वर पाणी ओतलं आणि ढवळलं. मीठ विरघळलं, वाळू तळाला बसली. वरचं पाणी फडक्याने गाळून कढईत आटवलं. तिसऱ्या प्रहरी कढईत पांढरं मीठ उरलं, होतं त्याहून स्वच्छ. मी ते मडक्यात भरून तिच्यासमोर ठेवलं. बाईने चाखून बघितलं, थुंकली आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "बघ गो, करणी शिकून आलीय." शाबासकी मिळेल असं मला वाटलं होतं. मूर्ख होते.

आंदणाची पिशवी मी फळीवर ठेवली होती. घरात भट्टी नव्हती, पण एक जुनं खापर होतं. त्यात ओंजळभर काळी वाळू घालून मी कधीकधी लाह्या भाजायचे. डोंगरावरच्या वाडीतली एक बाई लाकडाची मोळी घेऊन आमच्याकडे यायची. माझ्याच वयाची, पाठीला पोर बांधलेलं. मोळीच्या बदल्यात आत्या तिला मूठभर तांदूळ द्यायची, तेही हात आखडून. मी मागच्या दारी तिच्या दाण्यांच्या लाह्या भाजून द्यायचे. लाह्यांबरोबर वाळूचे चार कण जायचेच. पुढच्या खेपेला ती ते कण पानात गुंडाळून परत आणायची. "घे गो बाय तुजी वाळू. बापाची हाय ना?" आख्ख्या त्या गावात माझ्या आंदणाला न हसलेली ती एकटी.

मला मुलगी झाली. त्याच सुमाराला लढाई सुरू झाली. रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला आणि सरकारने शेतकऱ्यांकडून धान्याची लेव्ही घ्यायला सुरुवात केली. एवढ्या पायल्या घाला म्हणजे घाला. ज्यांच्या घरचं सरलं त्यांनी रेशनच्या दुकानातून आणायचं. तिकडे माझ्या बापाची भट्टी विझली. माणसांना शिजवायला तांदूळ मिळेना, तिथे चुरमुरे कोण खाणार? आयुष्यभर धूर खाल्लेला माझा बाप भावाच्या ओसरीवर दमा काढत पडला आणि भावजय त्याच्या भाकरीकडे बघू लागली. म्हणजे मला माहेर म्हणावं असं काही उरलं नाही.

आणि अशात त्या कार्तिकात मामा माझ्याशी गोड बोलले. "सूनबाई, भट्टी घालू या काय आपन? हितं कोनाची नाय. नदीची वाळू आन, तुज्या बापाची मिसळ आन तयार कर. भरपूर कर." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आठ दिवस मी नदीवरून टोपलीने वाळू वाहिली. दोनदा चाळली, धुतली, खळ्यावर वाळवली. तांदळाच्या कणीएवढी एकसारखी, मातीचा लवलेश नसलेली वाळू. मग फळीवरची पिशवी उसवली आणि माझ्या बापाची वीस वर्षं तिच्यात मिसळली. चांगला गुडघाभर ढीग झाला. मामा येऊन त्यात हात घालायचे, बोटांतून गाळायचे आणि म्हणायचे, "ब्येस! अगदी कनीवानी." पोसायला मी दुसऱ्या दिवशी सुरुवात करणार होते.

दुसऱ्या दिवशी ढीग जागेवर नव्हता. आत्या म्हणाली, गवंड्याला देऊन टाकली, भट्टीबिट्टी काही नाही, डोकं फिरलंय का? मी खळ्यावर बसून रडले. तिथे दाणाभरही उरली नव्हती, खराट्याने झाडून नेली होती. मामांना विचारायची माझी छाती झाली नाही. त्याच आठवड्यात आमच्या घरची लेव्हीची पोती गाडीत चढली. त्यांच्यामागून आणखी चार पोती वेगळ्या गाडीतून कल्याणच्या वाटेला लागली. दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी बघितल्या. पण त्यांची सांगड घालायला मला वैशाख उजाडावा लागला, इतकी मी भाबडी.

घरचा तांदूळ फाल्गुनातच संपला. कल्याणला गेलेली पोती खाता येत नाहीत ना! चैत्रापासून आमच्या ताटात रेशनचा तांदूळ आला. लालसर, कोंड्याचा, निम्मा तुटून कणी झालेला, आणि त्यात वाळू. एखादा खडा नव्हे, पायलीमागे मूठभर. सुपात पाखडावा तर कोंडा उडतो आणि वाळू राहते. चाळावा तर वाळूबरोबर कणीही खाली पडते, म्हणजे निम्मं जेवण गेलं. निवडायला बसावं तर कोंड्याने माखलेला वाळूचा कण आणि लाल कणी सारखीच दिसते, डोळ्यांतून पाणी येतं. उरतं ते रोळणं. तांदूळ परातीत घ्यायचे, भरपूर पाणी ओतायचं, गोल फिरवायचं आणि पाण्याबरोबर तांदूळ दुसऱ्या भांड्यात सोडायचे. तळाला वाळू मागे राहते. असं चार वेळा केलं की तांदूळ साफ.

पण चार वेळा रोळायला चार वेळा पाणी लागतं, आणि शहापूरच्या वैशाखात पाणी कुठून आणता? विहिरीच्या तळाला चिखल. नदी कोरडी. बायका नदीच्या वाळूत हातभर खड्डा उकरायच्या, त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी झिरपून येतं, गाळलेलं, गार, पण थेंब थेंब. एक हंडा भरायला अर्धी सकाळ जायची. आत्या मला रोळायला एक तपेलंभर पाणी मोजून द्यायची आणि वर म्हणायची, "आमी काय आंगोळी करू नको काय?" तेवढ्यात मी रोळायचे, ते पाणी निवळू द्यायचे आणि त्यातच पुन्हा रोळायचे. माझ्या बापाच्या हाताखाली शिकलेले होते म्हणून एवढं तरी जमायचं.

आणि एका दुपारी जेवताना मामांच्या तोंडात कट्ट झालं. त्यांनी तोंडातून बोटाने काढलं. अर्धा दात. समोरचा.

मी दाराआड उभी होते. मामांनी दाताचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मुद्दाम घातलीस." मी म्हटलं, "मामा, देवाशपथ, तांदळातच आहे, पाणी थोडं पडतं." ते म्हणाले, "भट्टीवाल्याची पोर. वाळूत जल्माला आली आन आमाला वाळू चारते."

आत्याला तेवढंच हवं होतं. दोघांनी मिळून ठरवलं आणि मला सुनावलं. अक्षय्य तृतीयेला नणंदेला बघायला पाहुणे येणार आहेत. त्या दिवशी एका जरी पानात खडा निघाला, तर तू त्याच पावली मुरबाडला चालू लागायचं. मी विचारलं, "आणि माझी पोरगी?" मामा म्हणाले, "पोरगी आमच्या घरची. ती हितंच ऱ्हाईल."

अडीच वर्षांची होती माझी लेक. तिचा मामांवर जीव, आणि खोटं कशाला बोलू, मामांचाही तिच्यावर. तिला मांडीवर घेतल्याशिवाय ते जेवत नसत. ते तिला खरंच ठेवून घेतील, हे मला त्या क्षणी कळलं. नवरा कोळशाच्या भट्टीवर. तो असता तरी काय दिवे लावणार होता म्हणा! संतापाने माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण तोंड उघडलं असतं तर तृतीयेपर्यंतही थांबले नसते.

तृतीयेच्या दिवशी उजाडता उजाडता मी पाहुण्यांच्या पानांचे तांदूळ टोपलीत घातले, परात आणि तपेली डोक्यावर घेतली आणि सरळ नदी गाठली. पाणी तांदळाकडे येत नाही, तर तांदूळच पाण्याकडे न्यायचे. नदीत माझा झिरा आटून गेला होता. पलीकडे वाडीतल्या त्या बाईचा झिरा होता, चांगला खोल, कंबरभर. ती कोसभर डोंगर उतरून त्या पाण्याला यायची. तिचं पोर झिऱ्याच्या कडेला वाळूत बसलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. माझं रडणं ऐकून ती म्हणाली, "गप ऱ्हा. ये हितं. माजे दोन हंडे आज नाय भरले तरी चालतील." आणि स्वतः झिऱ्यात उतरून करवंटीने मला पाणी उपसून देऊ लागली.

मी रोळत गेले. एकदा, दोनदा, पाचदा. तळाची वाळू एका तपेलीत जमवत गेले, बघावं तरी किती निघते म्हणून. सहाव्या खेपेला एकही कण निघाला नाही. मी देवाचं नाव घेतलं आणि तपेलीतली वाळू सुटी करून दगडावर पसरली. धुऊन निघाल्यामुळे ती आता स्वच्छ दिसत होती. कणीएवढी, एकसारखी. आणि तिच्यात जागोजागी काळे, चकचकीत, गुळगुळीत कण.

त्या बाईने वाकून बघितलं, चिमूट उचलली, अंगठ्याखाली फिरवली. आणि म्हणाली, "बाय, ही तुजीच ना गो? तुज्या बापाची?"

वाळू कुणाची ते तिला सांगावं लागलं नाही, ती तांदळात कशी आली ते मला सांगावं लागलं नाही. मी जी वाळू भट्टीसाठी चाळली, धुतली, जिच्यात माझं आंदण मिसळलं, ती मामांनी लेव्हीच्या पोत्यांत घातली होती. जेवढी वाळू आत गेली तेवढा तांदूळ मागे राहिला आणि कल्याणला काळ्या बाजारात गेला. चाळणीने, सुपाने, निवडून, कशाने म्हणून कुणाला वेगळी करता येऊ नये अशी वाळू त्यांना हवी होती, आणि ती करणारा सगळ्यात तयार हात घरातच होता. मग ती पोती गुदामातून फिरून आमच्याच दुकानात आली. त्यांचा दात त्यांच्याच वाळूने पाडला होता. मला हसू आलं, आणि हसता हसता तळपायाची आग मस्तकात गेली.

बाई मात्र हसली नाही. "आमच्या तांदळात बी हीच हाय," ती म्हणाली. "आमी कुठं रोळनार? एवढ्या लांबून पानी न्यायचं तं प्यायलाच पुरत नाय. तशीच शिजवतो. मोठी मानसं गिळतात." तिने पोराकडे हात केला. "ह्यो भात बघितला का तोंड मिटतो. मारलं तरी उघडत नाय." मग माझ्याकडे बघून विचारलं, "कोनी घातली गो?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

तिने मान हलवली. "तुला घरात इचारता येल. मी दुपारी मोळी घेऊन येते. मला सांग." तिने माझी टोपली उचलून माझ्या डोक्यावर दिली. तिचे दोन्ही हंडे रिकामेच होते.

ती दगडावरची वाळू मी पदराच्या गाठीत बांधली आणि घरी आले. माझं ठरलं होतं. पाहुण्यांच्या पंक्तीत मामांच्या पानात भाताऐवजी ती गाठ सोडायची. सगळ्यांच्या देखत म्हणायचं, ओळखा बघू मामा. मग काय व्हायचं ते होवो. भात शिजत होता तोवर मी ते वाक्य दहादा मनात म्हटलं.

पंक्त बसली. ओटीवर पाहुणे, मधोमध मामा, समोरच्या दाताच्या जागी खिंड. मी वाढत होते. गाठ कमरेला टोचत होती. मामांच्या पानाशी वाकले तर माझी लेक त्यांच्या मांडीवर बसलेली. त्यांनी एक घास घेतला, दाढेखाली चावून बघितला, गिळला. मग दुसरा घास करून आधी बोटांनी चिवडला, खडा नाही ना म्हणून नीट बघितला आणि पोरीच्या तोंडात दिला. पोरगी माझ्याकडे बघून भरल्या तोंडाने हसली. माझा हात गाठीवर होता. तो तिथेच राहिला.

तेवढ्यात अंगणात मोळी पडल्याचा आवाज झाला. ती बाई आली होती. पाठीला पोर. पाहुणे बघून थबकली, पण परत फिरली नाही. ओटीच्या पायरीशी आली आणि मूठ उघडली. मुठीत वाळू होती, घरून आणलेली, ताटातून वेचलेली. "बाबा," ती मामांना म्हणाली, "रेशनच्या तांदळात ही निघते. ही वाळू ह्या घरातली हाय, मी वळखते. कोनी घातली तेवढं सांगा."

पंक्तीत हात थांबले. पाहुण्यांपैकी एकाने मामांकडे बघितलं. मामा जरासुद्धा डगमगले नाहीत. पोरीच्या तोंडाला लागलेलं शीत त्यांनी बोटाने पुसलं, तिला छातीशी जरा जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वाळू हिची. हिच्या बापाची. हिलाच इचार."

त्यांचा हात पोरीच्या पोटावर होता. मी बाईकडे बघितलं. ती वाट बघत होती. सकाळी तिने माझ्यासाठी कंबरभर खड्ड्यातून पाणी उपसलं होतं. मी खरं बोलेन, याची तिला खात्री होती.

मी म्हटलं, "माझीच आहे. मीच घातली."

आवाज करून बोलले मी, पाहुण्यांना ऐकू जाईल असा. बाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिने मूठ मिटली. मोळी तिथेच टाकून, तांदूळ न घेता, ती अंगणातून निघून गेली. पाठीवरचं पोर वळून माझ्याकडे बघत होतं. आत्याने पाहुण्यांना हसून सांगितलं की वाडीवरची माणसं अशीच, डोकं ठिकाणावर नसतं, तिला वाटेला लावायला सून तसं म्हणाली. त्यांनी भाताचं कौतुक केलं. इतका साफ भात लढाई लागल्यापासून खाल्ला नाही म्हणाले. नणंदेचं लग्न ठरलं. मला मुरबाडला पाठवायचा विषय त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. संध्याकाळी मामांनी मला बोलावून म्हटलं, "शहाणी हायेस." मी त्यांना कधीच काही बोलले नाही, ते मरेपर्यंत. ही माझ्या शहाणपणाची किंमत, आणि ज्याला ती कमी वाटेल त्याने माझ्या जागी उभं राहून बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंडा घेऊन नदीवर गेले. बाईची माफी मागायची होती. निदान तिला एकटीला खरं सांगायचं होतं. ती नव्हती. तिचा झिराही नव्हता. कंबरभर खोल, तिने हातांनी उकरलेला तो झिरा वाळू लोटून काठोकाठ बुजवला होता आणि वरून तुडवून सपाट केला होता. ती दुसरीकडे कुठे, आणखी लांब, पाण्याला जाऊ लागली असणार. आमच्या दारी ती पुन्हा कधी आली नाही.

बुजवलेल्या जागेवर पळसाचं एक पान ठेवलं होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून दगडाखाली दाबून. मी दगड उचलला. पानात माझी वाळू होती. करड्या कणांतून काळे कण एकेक वेगळे काढलेले, नुसते काळेच, चिमूटभर. वेचायला तिला कितीतरी वेळ लागला असेल. नेहमीसारखी परत केली होती.

मी ती पदरात बांधली. हंडा रिकामाच घेऊन घरी आले, तेव्हा मामा ओटीवर बसून पोरीसाठी पाणी मागत होते.